सगळं नीट दिसलं पाहिजे

"फोन जरा वर धरा. अजून वर. हां, आता छत दाखवा," फोनमधले साहेब म्हणाले.

सिस्टरने हात उंच केला. फोनच्या चौकोनात पांढरेशुभ्र काहीतरी भरून राहिले.

"हे छतच आहे ना? का आभाळ दाखवताय?" साहेबांनी विचारले.

दारात उभी असलेली मावशी खुदकन हसली. साहेबांना छत आभाळासारखे दिसले, याहून मोठे प्रशस्तिपत्रक तिला चोवीस वर्षांत मिळाले नव्हते. ती या आरोग्य उपकेंद्राची मावशी. म्हणजे झाडणे, पुसणे, पाणी भरणे, साहित्य उकळणे, बाळंतिणीचा हात धरणे आणि सिस्टर नसेल तेव्हा दारात बसून लोकांना "उद्या या" म्हणणे, अशा सगळ्या हुद्द्यांवर ती एकटीच होती. परवापासून खपून तिने प्रसूतीच्या खोलीला चुना मारला होता. खोली कशी लख्ख झाली होती!

सिस्टर मात्र हसत नव्हती. दोन दिवसांच्या बैठकीहून ती आताच, पावणेअकराला, बसमधून उतरली होती आणि तपासणीचा फोन अकराला यायचा होता. खोलीत पाऊल टाकताच ती जी थांबली, ती फोन वाजेपर्यंत तशीच उभी होती. मावशीला वाटले, सिस्टर चाट पडली.

"साहेब," सिस्टर म्हणाली, "इथे टेबलाच्या बरोबर वर तडे होते. तीन. एकात तर बोट जायचं. या दोन दिवसांत त्यावर चुना मारलाय."

"कुणी मारला?"

"आमच्या इथूनच."

"आता तडा दिसतोय का?"

"दिसत नाही, पण आहे."

"सिस्टर, मी इथे बसून जे दिसतं ते लिहितो. ऐकीव लिहायला माझ्याकडे रकाना नाही."

"अर्जाला जुने फोटो जोडलेत, साहेब. चार वेळा जोडलेत."

"ते माझ्याकडे उघडत नाहीत. मला आज समोर दिसेल तेच धरावं लागतं." साहेब खोकले. माणूस वाईट नव्हता. आवाज दमलेला होता आणि टेबलावर गोळ्यांचे पाकीट दिसत होते. "गिलावा गळतो म्हणालात. तो गळालेला गिलावा कुठंय? तो दाखवा."

सिस्टरने मावशीकडे पाहिले.

"झाडून टाकला की मी," मावशी अभिमानाने म्हणाली. "पाटीभर निघाला. पार नाल्यापलीकडे नेऊन टाकला."

"बरं, ठोकून बघा," साहेब म्हणाले. "आतून पोकळ झालं असेल तर आवाजावरून कळेल."

सिस्टरने झाडूच्या दांड्याने छतावर ठोकले. ढब, ढब असा आवाज आला. मावशीलाही तो ऐकू आला आणि पहिल्यांदाच तिचे हसू जरा आखडले.

"ठोकताय ना?" साहेबांनी विचारले. "मला काहीच ऐकू येत नाही."

सिस्टरने पुन्हा ठोकले, जोरात ठोकले. पण माणसाचे बोलणे तेवढे उचलावे आणि बाकीची खडखड गाळून टाकावी, अशी त्या फोनची हुशारी होती. त्याने ते ढबढब साहेबांपर्यंत पोचूच दिले नाही.

"असू द्या. मला आज अजून अकरा इमारती बघायच्यात," साहेब म्हणाले. "इमारत सुस्थितीत, असं लिहितो. आणि खरं सांगू का, इतकी स्वच्छ खोली मी या महिन्यात पाहिली नाही. कर्मचाऱ्यांचं कौतुक म्हणून शेरा टाकतो."

चौकोन काळा झाला. सिस्टर स्टुलावर बसली. मावशीने चहा टाकला, कप भरून आणला आणि तिच्या हातात दिला. सिस्टरने तो न पिता खिडकीत ठेवला.

"मावशी, जाताना मी काय सांगून गेले होते?"

"सांगितलंत ना, तपासणी आहे, साहेबांना सगळं नीट दिसलं पाहिजे."

सिस्टरने डोळे मिटून घेतले.

सिस्टरचे चुकले नव्हते. सगळे नीट दिसले पाहिजे, म्हणजे तडे, ओल, गंज, काही म्हणजे काही लपता कामा नये. मावशीचेही चुकले नव्हते. सगळे नीट दिसले पाहिजे, म्हणजे आजवर जे झाले तेच. साहेब येणार म्हटले की चुना भिजायचा. रात्रभर पिंपात भिजवून, कापडातून गाळून, चिमूटभर नीळ टाकून ती असा काही हात मारायची की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. आठ साहेब येऊन गेले आणि आठही वेळा हेच झाले. नववा साहेब फोनमधून येणार, याने तिच्या हिशेबी काही फरक पडत नव्हता. उलट फोनमध्ये बारीकसारीकही मोठे दिसते असे ऐकून तिने यंदा जास्त जीव ओतला होता. चुना आणि रेतीचा लगदा करून तिन्ही तडे तिने अंगठ्याने दाबून दाबून बुजवले होते. मान अवघडली, डोळ्यांत चुना गेला, पण हटली नाही.

"ते तडे दाखवण्यासाठीच तपासणी मागितली होती, मावशी," सिस्टर हळू म्हणाली. "आठ महिने मागत होते. 'दुरुस्ती आवश्यक' असं त्यांनी लिहिलं असतं तर खोली बंद झाली असती. मग दुरुस्ती होईपर्यंत गाडी आपल्या दारात उभी राहिली असती, बायकांना मोठ्या दवाखान्यात न्यायला. आता खोली चांगली ठरली. चांगल्या खोलीला गाडी देत नाहीत. आणि पुढची तपासणी तीन वर्षांनी."

मावशीने विचारले, "आणि माझी लेक?"

लेकीला आठवा सरत आला होता.

मावशीची ही एकुलती एक लेक. तिचे पहिले बाळंतपण सासरी, घरीच, जमिनीवर झाले होते. बाळ अडले आणि हाती लागले तेव्हा त्याच्यात धुगधुगी नव्हती. लेकीचेही रक्त थांबत नव्हते. त्यानंतर चार वर्षे ती पोर कुणाच्या बारशाला गेली नाही. यावेळी दिवस राहिले तसे मावशीने तिला आपल्याकडे आणून ठेवले होते. दर महिन्याला सिस्टर तिला तपासायची, कागदावर लिहायची आणि वर छताकडे बघायची. ते बघणे मावशीला आता कळले.

त्या संध्याकाळी तिने जेवणाचे ताट पुढ्यातून सरकवले.

"आई, काय झालं गं?" लेकीने विचारले.

"काही नाही. साहेबांनी कौतुक केलं माझं," मावशी म्हणाली.

रविवारी उपकेंद्र बंद असते. मावशीने किल्ली घेतली, लोखंडी पट्टी घेतली, पायांना फडकी बांधली आणि बाळंतिणीच्या टेबलावर चढून आपलाच चुना खरवडायला लागली. आपल्या हाताचे काम आपल्याच हाताने नासवताना जिवावर येते, पण तिने मनाला बजावले, की माझ्या हाताने झाकले, माझ्याच हाताने उघडे करते, आहे काय त्यात. तास-दीड तास तिने खरवडले. मग पट्टी कुठेतरी अडकली. तिने जोर लावला आणि ताटाएवढा गिलावा सुटून टेबलावर आदळला. मावशी बालंबाल वाचली. वर पाहिले तर आतल्या सळया उघड्या पडल्या होत्या. बोट लावले की गंजाचे पापुद्रे हातात येत होते. चोवीस वर्षे ती या छताखाली बायकांना "घाबरू नको गं" म्हणत आली होती.

तपासणीपुरते वरून आलेले इंटरनेटचे यंत्र दुसऱ्याच दिवशी परत गेले होते. एरवी फोनला रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीवर. मावशीने छताचे फोटो काढले, टाकीच्या जिन्याच्या छप्पन्न पायऱ्या चढली आणि तपासणीच्या कागदावर छापलेला मदतीचा नंबर लावला. फोटो पाठवले. पलीकडून एका तरुण मुलाचा आवाज आला.

"मॅडम, या इमारतीचा अहवाल तर सुस्थितीत आहे. तीन दिवसांपूर्वीचाच. कर्मचाऱ्यांचं कौतुकही आहे."

"ते कौतुक माझंच आहे, बाळा. पण ते खरं नाही. छत खाली यायला झालंय. फोटो बघ."

"फोटो दिसतायत. यात ताजी तोडफोड दिसतेय. ही कुणी केली?"

"मीच."

"आणि त्याआधी चुना?"

"तोही मीच मारला."

पलीकडे हसू फुटले. "म्हणजे मावशी, तुम्ही तर साहेबांनाच चुना लावलात!"

शेजारी बसलेले आणखी दोघे हसल्याचेही तिला ऐकू आले. मावशीही हसली. फोनवर माणूस हसला की आपणही हसावे, एवढी तिला शिकवण होती. मग तिने हसता हसताच विचारले, "मग बाळा, साहेबांना परत बघायला सांगशील ना? माझ्या लेकीला त्या टेबलावर झोपवायचंय."

हसणे थांबले. मुलगा चांगला होता बिचारा. "मला परत तपासणी टाकताच येत नाही, मावशी. तीन वर्षांचं कुलूप आहे त्याला. मी फक्त तुमचं म्हणणं वर पाठवू शकतो. पाठवू?"

"पाठव. सगळं पाठव."

त्याने सगळे पाठवले. तिचा शब्द अन् शब्द वर गेला, आणि नवव्या दिवशी वरून जे खाली आले ते मावशीवरच उलटलेले होते. सुस्थितीतील शासकीय इमारतीची हेतुपुरस्सर हानी, जबाबदार कर्मचाऱ्याचा खुलासा सादर करावा.

सिस्टर खुलासा लिहायला बसली. "चूक माझी आहे, तोंडी सूचना मी दिली होती, असं लिहिते," ती म्हणाली.

"काही लिहू नका," मावशी म्हणाली. "तुम्हाला हलवलं तर इथे दुसरी सिस्टर कधी येणार? सहा महिन्यांनी? लेकीचं कोण करणार? लिहा, दोन्ही कामं मावशीनं केली. सिस्टर गावात नव्हती. यात खोटं एक अक्षर नाही."

"मावशी, तुमचं काम जाईल."

"जाऊ दे. तुम्ही नका जाऊ."

सिस्टर रडली. मावशीने सहीच्या जागी सही केली. चौथ्या दिवशी आदेश आला, की चौकशी पूर्ण होईपर्यंत सदर महिलेने केंद्राच्या आवारात प्रवेश करू नये. मावशीने किल्ल्यांचा जुडगा पुसून टेबलावर ठेवला. उकळायचे साहित्य कुठे आहे, फिनेल कुठे आहे, मागच्या नळाला कोणती चिंधी बांधायची, हे सगळे सिस्टरला दोनदोनदा सांगितले. सिस्टरला ते सगळे ठाऊक होते, तरी तिने ऐकून घेतले.

लेकीला पंधरा दिवस आधीच शहरात नेऊन ठेवायचे, मोठ्या दवाखान्याजवळ कुणाच्या तरी ओळखीने खोली बघायची, असे मायलेकींनी ठरवले होते. कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. जायला पाच दिवस उरले असताना सकाळी नवाला लेक भांडी घासता घासता उठली, भिंत धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, पाणी गेलं."

साडेनवाला त्या दोघी उपकेंद्रात होत्या. आवारात यायची बंदी मावशीच्या लक्षातही आली नाही आणि सिस्टरने आठवणही करून दिली नाही. सिस्टर टाकीवर जाऊन धापा टाकत परत आली.

"गाडी?" मावशीने विचारले.

"दुसरी केस घेऊन गेलीय. दुपारी दोननंतर बघू म्हणतात. म्हणे, तुमच्या इथे खोली सुस्थितीत आहे, तुम्हाला कसली घाई."

"मग बाहेर घेऊया. पुढच्या खोलीत, खाली गादी टाकून."

सिस्टरने लेकीला तपासले आणि मान हलवली. "नाही, मावशी. मागच्या वेळी काय झालं ते मी कागदावर वाचलंय. हे बाळही मोठं आहे. मला टेबल लागणार, पाय वर बांधायला लागणार, तो दिवा लागणार. टेबल जमिनीत पक्कं केलेलं आहे आणि दिवा भिंतीत. हलवू कुठे?" मग तिचा आवाज चिरकला. "जमिनीवर परत अडलं तर मी काय करू, सांगा ना मला!"

मावशीने कपाटातली जाड सतरंजी काढली. खिडकीचे गज आणि दाराची कडी यांना दोऱ्या बांधून टेबलावर ती छतासारखी ताणायचा प्रयत्न केला. चौथ्या कोपऱ्याला बांधायला काही नव्हते. सतरंजी एका बाजूने लोंबत राहिली आणि दिव्याचा उजेड तिने पार खाऊन टाकला.

"काढा ती," सिस्टर म्हणाली. "मला काही दिसत नाहीये."

मावशीने सतरंजी काढली. लेक टेबलावर आडवी झाली. तिचे डोळे सरळ वर गेले, त्या उघड्या पडलेल्या, लाल गंजलेल्या जागेकडे.

"आई, हे काय आहे?"

"काही नाही. जुनं झालंय. तू माझ्याकडे बघ."

आणि मावशी लेकीवर ओणवी झाली. दोन्ही हात टेबलाच्या दोन कडांना टेकवून, पाठ छताला करून, लेकीचे तोंड आपल्या तोंडाखाली येईल अशी. साठीला टेकलेली बाई, गुडघे दुखणारी. कळ आली की लेक ओरडायची. लेक ओरडली की वरून भुकटी गळायची. खरोखर तिच्या ओरडण्याने गळत होती, की आपल्यालाच तसे वाटतेय, हे मावशीला कळेना. ती नुसती म्हणत राहिली, "घाबरू नको गं. घाबरू नको. मी आहे ना."

"मावशी, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय," सिस्टर खालून म्हणाली.

मावशी कंबरेतून डावीकडे सरकली, पण उठली नाही.

"आई, माझ्या अंगावर काय पडतंय?"

"चुना आहे. मीच मारलाय. तू जोर लाव."

अकराच्या सुमारास बाळाचे डोके बाहेर आले आणि बाकीचे अंग तिथेच अडले. सिस्टरच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "खांदा अडकलाय. आता मी म्हणेन तेव्हाच जोर लावायचा. आत्ता नाही, आत्ता नाही. मावशी, पाय धरा, एक पाय वर दाबून धरा!"

मावशीने डावा हात सोडून लेकीचा पाय पोटाकडे दाबला. आता ती एकाच हातावर होती. तेव्हाच वर कट् असा आवाज झाला. सिस्टरने वर पाहिले. मावशीने पाहिले नाही. तिने फक्त मान खाली घातली आणि लेकीचे डोके आपल्या छातीखाली घेतले.

जे पडले ते तिच्या उजव्या खांद्यावर पडले आणि तिथून घरंगळून जमिनीवर फुटले. मावशीच्या तोंडून हूं एवढाच आवाज निघाला. डाव्या हातातला पाय तिने सोडला नाही.

"मावशी!"

"तुम्ही तुमचं करा," मावशी म्हणाली. "सिस्टर, तुम्ही तुमचं करा."

"आता! लाव जोर!"

लेकीने जोर लावला. सिस्टरने हात फिरवला, काहीतरी सुटले आणि बाळ बाहेर आले. निळसर, लिबलिबीत. पहिल्यांदा ते रडलेच नाही. सिस्टरने त्याचे तोंड पुसले, तळव्यावर टिचक्या मारल्या, पाठ चोळली. त्या अर्ध्या मिनिटात त्या खोलीत तीन बायकांपैकी कुणीही श्वास घेतला नाही. मग एक बारीक, चिडका आवाज निघाला आणि निघतच राहिला.

"मुलगी आहे," सिस्टर म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली.

लेकीला त्यांनी हळूहळू चालवत पुढच्या खोलीत आणून गादीवर निजवले. रक्त थांबले होते. प्रसूतीच्या खोलीला सिस्टरने बाहेरून कडी घातली आणि तिथेच कडीवर कपाळ टेकून थोडा वेळ उभी राहिली. नंतर तिने नोंदवही उघडली. जन्माची वेळ लिहिली, वजन लिहिले. 'उपस्थित मदतनीस' या रकान्यापाशी तिचे पेन थांबले. चोवीस वर्षे, पान उलटावे तिथे, त्या रकान्यात एकच नाव होते.

"आज माझं नका लिहू," भिंतीला टेकून बसलेली मावशी म्हणाली. "मला आत यायची बंदी आहे. तुम्हाला विचारतील."

सिस्टरने तो रकाना कोरा सोडला. मग दुपट्यात गुंडाळलेले बाळ तिने उचलले आणि मावशीसमोर आणून धरले. "घ्या. नात घ्या तुमची."

मावशीने बाळाकडे पाहिले. तोंड उघडे, मुठी आवळलेल्या, भुवयांच्या जागी नुसत्या दोन रेघा. तिने हात पुढे केले नाहीत.

"घ्या ना, मावशी."

"मांडीवर ठेवा," मावशी म्हणाली. "कपडे मळलेत माझे."

"मळू देत. धरा."

मावशीने डावा हात उचलला आणि तिची नजर उजव्या हाताकडे गेली. तो तिच्या शेजारी जमिनीवर पालथा पडून होता. तिने त्याला उचलायचे म्हणून दात आवळले, कपाळावर घाम आला, पण त्याची बोटेही हलली नाहीत. सिस्टरने ते पाहिले. लेकीने पाहू नये म्हणून ती पटकन दोघींच्या मधे बसली.

"मांडीवरच ठेवते," सिस्टर म्हणाली.

तिने बाळ मावशीच्या मांडीवर ठेवले आणि ते घरंगळू नये म्हणून मावशीच्या उजव्या बाजूला स्वतःचा हात धरून बसली. गाडी यायला अजून दोन तास होते.